मेळघाटातल्या लेबर रूममध्ये कोरकू बोलणारी सिस्टर कधी येणार? आरोग्य विभागाला खुलं पत्र

मा. आरोग्यमंत्री, सार्वजनिक आरोग्य विभागाचे वरिष्ठ अधिकारी आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेचे सगळे सभासद यांना,

सप्रेम नमस्कार.

मी एएनएम म्हणजे उपकेंद्रातली नर्स, आरोग्य सेविका म्हणून लागले आणि एलएचव्ही म्हणजे आरोग्य सहाय्यिका होऊन रिटायर झाले. माहेर दर्यापूरकडचं, पोस्टिंग मिळालं मेळघाटात, आणि तिथं माझी अकरा वर्षं गेली. आमच्याकडं मेळघाटात बदली म्हणजे शिक्षा असंच सगळे बोलतात, मलाही घरचे तेच म्हणाले, पण मी आज लिहितेय ते माझ्या गैरसोयीबद्दल नाही. मला जे सांगायचंय ते रिटायर होईपर्यंत धड कुठल्या मीटिंगमध्ये बोलता आलं नाही, कारण मीटिंगमध्ये आम्हाला टार्गेट विचारतात आणि आम्ही टार्गेट सांगतो.

सरळच सांगते. त्या अकरा वर्षांत माझ्या खुर्चीवर एखादी कोरकू मुलगी बसायला हवी होती. मी वाईट काम केलं असं नाही, जीव तोडून केलं, रात्री-अपरात्री केलं, पण मला बाईचं बोलणंच कळत नव्हतं आणि बाळंतपणात बोलणं कळत नसेल तर अर्धं काम तिथंच बुडतं.

पहिल्याच वर्षीची गोष्ट आहे, पावसाळ्यातली. उपकेंद्रात एक पहिलटकरीण आली, वय असेल एकोणीस-वीस, सोबत सासू आणि गावातली दाई. कळा चांगल्या होत्या, मी पीव्ही म्हणजे आतून तपासणी केली, सगळं नॉर्मल होतं. ती सारखी एकच शब्द बोलत होती आणि मी तिला सारखं हिंदीत सांगत होते की जोर लगाओ, थोडा और. तिला हिंदी येत नव्हतं, तिच्या नवऱ्याला येत होतं पण त्याला आम्ही बाहेर थांबवलेलं. तासभर असं चाललं. मग आमची अंशकालीन स्त्री परिचर, म्हणजे उपकेंद्रातली मदतनीस बाई, पाणी तापवून आत आली, तिनं एकदा ऐकलं आणि मला म्हणाली, "सिस्टर, वो पानी मांग रही है. कब से मांग रही है."

तासभर ती बाई पाणी मागत होती आणि मी शेजारी उभी होते. पाण्याचं भांडं खिडकीत होतं, हात लांब केला असता तर पोचला असता. बाळ-बाळंतीण दोघं सुखरूप होते म्हणून रजिस्टरमध्ये ती डिलिव्हरी 'नॉर्मल' म्हणूनच लिहिली गेली, आणि लिहिली ते चुकीचं नाहीच, पण मी त्या रात्री झोपले नाही. दुसऱ्या दिवशी एक शंभर पानी वही घेतली आणि त्या परिचर बाईला म्हटलं, मला रोज दोन शब्द शिकव. ती वही अजून माझ्याकडं आहे.

ज्यांनी मेळघाट फक्त कुपोषणाच्या बातमीत पाहिलाय त्यांच्यासाठी सांगते, कोरकू ही मराठी किंवा हिंदीची बोली नाहीये. ती संथाळी-मुंडारीच्या घरातली भाषा आहे, आपल्या भाषेशी तिचं काही नातंच नाही, त्यामुळं वऱ्हाडी माणसाला अंदाजानं थोडंफार कळेल असंही होत नाही. तिकडं गडचिरोलीत भामरागड-एटापल्लीला माडिया आणि गोंडी, ती द्रविड कुळातली, म्हणजे तेलुगूच्या जवळची. नंदुरबारला धडगाव-अक्कलकुव्यात भिली आणि पावरी. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात एक कोटीच्या वर आदिवासी आहेत, राज्याच्या नऊ टक्क्यांहून जास्त, नंदुरबार जिल्ह्यात तर दर दहातले सात जण. इतक्या बायकांची बाळंतपणं आपण करतो आणि सिस्टरला पेशंटची भाषा येते का हे भरतीच्या वेळी विचारतसुद्धा नाही.

आता तुम्ही म्हणाल की स्थानिक बायका आहेत की सिस्टीममध्ये. आहेत ना! नीट बघा कुठं आहेत. आशा कोरकू. अंशकालीन स्त्री परिचर कोरकू. दाई कोरकू. झाडू-पोछा करणारी कोरकू. मग एक पायरी वर चढलात की एएनएम बाहेरची, स्टाफ नर्स बाहेरची, एलएचव्ही म्हणजे मी बाहेरची, डॉक्टर तर बाहेरचाच आणि तो पण सक्तीच्या सेवेचा बॉण्ड संपायची वाट बघणारा. मी काही सगळ्या मेळघाटाचा सर्व्हे केलेला नाही, एखाददुसरी कोरकू सिस्टर कुठंतरी होतीही, पण माझ्या डोळ्यासमोर अकरा वर्षं हेच चित्र होतं. ज्या बाईला पेशंटचं सगळं कळतं तिला मानधन, इन्सेंटिव्ह, आणि जिला काहीच कळत नाही तिला पगार, पेन्शन आणि सही करायचा अधिकार. मला पेन्शन मिळतेय, म्हणून मीच हे बोलले पाहिजे असं मला वाटतं.

आमच्या त्या परिचर बाईबद्दल अजून सांगते कारण तिच्याशिवाय हे पत्र नाहीच. ती सातवी शिकलेली. बाई दारातून आत येताना तिच्या चालीवरून ती सांगायची की हिला अजून वेळ आहे किंवा सिस्टर हिला लगेच घ्या. पाळीची तारीख मी विचारायचे तर बायकांना तारीख सांगता यायची नाही, आणि तारीख नाही तर ईडीडी म्हणजे बाळंतपणाची अंदाजे तारीख काढणार कशी, कार्डावर मी पोटाच्या अंदाजानं काहीतरी लिहायचे. ही बसायची बाईजवळ, कोरकूत बोलायची, होळीच्या आधी की नंतर, पोळ्याला तू मायक्याला गेलीस तेव्हा पाळी होती का, सोयाबीन कापायला गेलात तेव्हा उलट्या सुरू झालेल्या का, आणि दहा मिनिटांत मला महिना आणि जवळजवळ आठवडा सांगायची. ईडीडी बरोबर असेल तरच माहेरघरात, म्हणजे दिवस भरत आलेल्या बाईला आधीच आणून ठेवायच्या सरकारी खोलीत, कधी बोलवायचं ते ठरतं, तरच अमरावतीला रेफर करायचं तर घाट उतरून दीडशे किलोमीटर जायला वेळ मिळतो. हे काम ती करायची आणि कार्डावर सही माझी.

आणि एक प्रसंग जो मला लिहितानाही नको वाटतो. पीएचसीत म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात कॅम्प होता, बाहेरून डॉक्टर मॅडम आलेल्या, खूप चांगल्या होत्या, तळमळीच्या होत्या. त्या दिवशी परिचर बाई रजेवर. मग दुभाषा कोण तर अ‍ॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर, तोच एक कोरकू पुरुष हाताशी होता. मॅडमनी विचारलं अंगावरून पांढरं जातं का, त्यानं मान खाली घालून ते कोरकूत विचारलं, बाईनं पदर तोंडावर ओढला आणि नाही म्हणून मान हलवली. एकामागून एक सगळ्यांनी नाही म्हटलं. रिपोर्टमध्ये आम्ही लिहिलं की तक्रारी आढळल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात त्यातल्याच चार जणी परिचर बाईच्या घरी जाऊन औषध मागत होत्या.

डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत दोन गावांतल्या बायकांची तपासणी करून १९८९ साली लॅन्सेट नावाच्या मेडिकल जर्नलमध्ये जे छापलं ते आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं, की ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते आणि त्यातल्या फक्त ८ टक्के बायकांची आधी कधीतरी तपासणी झाली होती. हा आकडा ऐकून आम्ही सगळ्या हळहळलो. पण बाई बोलेल कुणाजवळ हा प्रश्न त्या ट्रेनिंगमध्ये कुणी काढला नाही, मीही नाही काढला.

त्याच गडचिरोलीत बंग यांच्याच 'सर्च' संस्थेनं दाखवलंय की गावातलीच थोडं शिकलेली बाई काय करू शकते. ३९ गावांत आरोग्यदूत तयार केले, घरोघरी जाऊन नवजात बाळाला बघायचं, वजन करायचं, श्वास मोजायचा, गरज पडली तर इंजेक्शनसुद्धा द्यायचं, आणि तिथला नवजात मृत्यूदर हजारी ६२ वरून तीन वर्षांत २५ च्या आसपास आला. १९९९ला ते छापून आलं आणि पुढं त्यावरूनच आशांची घरी जाऊन बाळ बघायची योजना देशभर आली. म्हणजे स्थानिक बाईला जमतं हे सिद्ध करायचं काम महाराष्ट्रातच झालंय, त्यालाही पंचवीस वर्षं होऊन गेली. फक्त आपण त्या बाईला आरोग्यदूत आणि आशापर्यंतच आणून थांबवली, पुढची शिडी लावलीच नाही.

तामिळनाडूत नीलगिरीमध्ये गुडलूरला आदिवासी हॉस्पिटल आहे, तिथं १९८०च्या दशकाच्या शेवटी डॉक्टरांनी पणिया, कुरुंबा अशा समाजातल्या मुलींना घेऊन नर्सिंग शिकवायला सुरुवात केली आणि आज त्याच समाजातल्या बायका तिथं नर्स आहेत. आणि कॅनडात अगदी उत्तरेला हडसन बेच्या काठावर इनुइट लोकांच्या बायकांना बाळंतपणासाठी कित्येक आठवडे आधी विमानात घालून दक्षिणेकडच्या शहरात नेऊन ठेवायचे, एकट्या, भाषा परकी, जेवण परकं. तिथल्या बायकांनी आवाज उठवला आणि १९८६पासून पुव्हिर्नितुक नावाच्या गावात बाळंतपण परत गावात आलं, स्थानिक इनुइट मुलींनाच मिडवाइफ म्हणून तयार केलं. हे वाचलं तेव्हा मला आमचं माहेरघर आठवलं. योजना चांगलीच आहे, मी वाईट म्हणणार नाही, कितीतरी बायका त्यामुळं वाचल्या. पण 'माहेर' म्हणायचं आणि तिथं तिच्याशी तिच्या भाषेत बोलणारं कुणी नाही, मग दोन दिवसांत बाई पळून घरी जाते आणि आम्ही रजिस्टरला लिहितो 'सल्ला झुगारून गेली'.

बायका टेबलावर आडवं व्हायला तयार नसायच्या याचंही असंच. घरी त्या उकिडव्या बसून, वरून बांधलेली दोरी धरून किंवा मागून कुणीतरी आधार देऊन बाळंत व्हायच्या. आम्ही म्हणायचो अडाणी आहेत. २०१८ला जागतिक आरोग्य संघटनेनं गाइडलाइन काढली की बाईला हवी ती पोझिशन घेऊ द्या, सोबत तिच्या पसंतीचं माणूस राहू द्या. सोबतीच्या माणसाबद्दल तर केंद्र सरकारनंही २०१६लाच सांगितलं होतं. म्हणजे जे त्या दाईला ठाऊक होतं तेच आम्हाला जिनिव्हावरून आल्यावर पटलं, आणि त्या आधी किती जणींचे पाय मी धरून टेबलावर सरळ केले ते मला आठवतं. त्यातली एक पुढच्या खेपेला आलीच नाही, घरीच झाली, मूल गेलं. तिनं न येण्याचं कारण मी होते की नव्हते ते मला कधीच कळणार नाही.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल की महाराष्ट्राचे आकडे तर चांगले आहेत. चांगलेच आहेत. एनएफएचएस ५ या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्याकडं ९४.७ टक्के बाळंतपणं संस्थेत होतात, २०१८-२०चा माता मृत्यू दर लाख जन्मांमागे ३३, केरळच्या खालोखाल. मला त्याचा अभिमान आहे, त्यात माझ्यासारख्या हजारो सिस्टरचे पाय झिजलेत. पण राज्याची सरासरी काढताना पुणे-कोल्हापूर आणि धारणी-धडगाव एकाच टोपलीत पडतात, झोळीत घालून डोंगर उतरवलेली बाई त्या सरासरीत दिसत नाही. उरलेले पाच टक्के कुठं आहेत ते तुम्हालाही माहितीये.

परिचर बाईच्या मुलीचं सांगते आता. आश्रमशाळेत बारावी केली, हुशार, आईसोबत लहानपणापासून उपकेंद्रात. मला मावशी म्हणते. मीच म्हटलं तू एएनएम कर. शेत गहाण टाकून प्रायव्हेट कॉलेजला टाकली, पहिले सहा महिने तिला पुस्तकातलं काही कळेना कारण सगळं इंग्लिश, रडून फोन करायची, पण निघाली पोरगी, पास झाली, रजिस्ट्रेशन झालं. मग भरतीची वाट. २०१४ला राज्यपालांची अधिसूचना आली होती, पेसा क्षेत्रात, म्हणजे पेसा कायद्याखालच्या आदिवासी भागात, १७ प्रकारच्या पदांच्या जागा स्थानिक आदिवासी उमेदवारांनाच, त्यात आरोग्य सेविकेचं पद होतं, म्हणून आम्हाला वाटलं आता झालं काम. २०२०ला सुप्रीम कोर्टानं आंध्रच्या शिक्षकांच्या केसमध्ये शंभर टक्के आरक्षण घटनाबाह्य ठरवलं, मग आपल्याकडंही कोर्टकचेरी, भरती अडकली, २०२४ला पोरं नाशिकला आंदोलनाला बसली, तेव्हा कुठं मानधनावर नेमणुका द्यायचं ठरलं. पुन्हा मानधनच! कायम पगार नाहीच. ही मुलगी तोपर्यंत थकून अकोल्याला एका खाजगी दवाखान्यात लागली. तिथं तिला दिवसभर कोरकूचा एक शब्द बोलायची गरज पडत नाही. आणि मी सोडलेल्या उपकेंद्रात आता जी सिस्टर आहे ती बिचारी नवीन आहे, खालच्या भागातली आहे, लहान मूल सासूकडं ठेवून आलीय, बदलीचा अर्ज तयारच आहे तिचा. दोघींचंही वाटोळं, आणि पेशंट मध्ये.

कायद्यातलं मला जास्त कळत नाही. आरक्षणाचा प्रश्न कोर्टात जसा सुटायचा तसा सुटेल, त्यासाठी चांगले वकील लावा एवढंच म्हणेन. पण भाषा येणं ही पात्रता करायला कुणाची आडकाठी आहे? सरकारी नोकरीला मराठी आलं पाहिजे असा आपला नियम आहे आणि तो योग्यच आहे, कारण लोकांशी बोलायचं असतं. मग ज्या उपकेंद्रात येणारी प्रत्येक बाई कोरकू बोलते तिथल्या सिस्टरला कोरकू आलं पाहिजे, भामरागडला माडिया आलं पाहिजे, धडगावला पावरी आलं पाहिजे. जातीचा दाखला बाजूला ठेवा, तोंडी परीक्षा घ्या, गावातल्या दोन बायकांना परीक्षक म्हणून बसवा. आणि माझ्यासारखी बाहेरची आलीच तर तिला आधी सहा महिने भाषा शिकवा, शिकली की एक इन्क्रिमेंट द्या. आम्हाला संगणकाची परीक्षा पास केल्याशिवाय सोडत नाहीत, एमएससीआयटी सगळ्यांनी केली. तसंच हे.

आणि मुलींना आत घ्यायचं असेल तर नुसत्या सीटा राखून भागत नाही, त्या रिकाम्या राहतात आणि मग म्हणता उमेदवारच मिळत नाहीत. धारणीसारख्या ठिकाणी होस्टेल आणि स्टायपेंडसकट सरकारी सीटा द्या, पहिलं वर्ष इंग्लिशच्या तयारीचं वेगळं द्या, पुस्तकं मराठीतही द्या, प्रॅक्टिकल त्यांच्याच भागात करू द्या. आशा आणि अंशकालीन स्त्री परिचर यांनी बारावी केलेली असेल तर त्यांना वयाची अट सैल करून थेट एएनएमला घ्या, त्यांचा दहा-पंधरा वर्षांचा अनुभव मार्कांत धरा. २०१८ला केंद्रानं मिडवाइफरीची गाइडलाइन काढली, अठरा महिन्यांचं ट्रेनिंग देऊन नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी तयार करायच्या, मला ती खूप आवडली, नॉर्मल बाळंतपण मिडवाइफच्या हातात देणार हे फार मोठं पाऊल आहे. पण त्यासाठी जीएनएम म्हणजे एएनएमच्या वरचा नर्सिंग डिप्लोमा किंवा बीएससी नर्सिंग लागतं. आमच्या भागातल्या मुली एएनएमपर्यंतच कशाबशा पोचतात. म्हणजे ही नवी शिडीसुद्धा पहिल्या मजल्यावरून सुरू होते, तळमजल्यावरच्यांनी काय करायचं? परिचर्या परिषदेनं यात लक्ष घालावं, एएनएमना नोकरी चालू ठेवून जीएनएम करता येईल असा ब्रिज कोर्स द्यावा, ही माझी हात जोडून विनंती आहे.

हे फक्त आदिवासी भागाचं आहे असंही समजू नका. माझ्या एका मैत्रिणीनं सांगितलं, पारधी बाई वॉर्डात आली की बाकीचे आपापल्या पिशव्या उशाशी घेतात, आणि ती बाई दुसऱ्या दिवशी टाके ओले असताना निघून जाते. वॉर्डात एक तरी पारधी सिस्टर असती तर? पण त्यावर मी जास्त लिहीत नाही, मी तिथं काम केलेलं नाही, ज्यांनी केलंय त्यांनी लिहावं.

एक छोटी गोष्ट लगेच करता येईल, तिला बजेटही लागत नाही. आमच्या आरसीएच म्हणजे माता-बालकांच्या नोंदीच्या रजिस्टरमध्ये बाईची जात लिहायचा कॉलम आहे, एससी, एसटी, इतर. डिलिव्हरीच्या वेळी तिची भाषा समजणारं कुणी ड्युटीवर होतं का, हो किंवा नाही, एवढा एक कॉलम वाढवा. कुठल्या पीएचसीत किती सिस्टरना तिथली भाषा येते ते दर तीन महिन्यांनी मागवा, जसं लसीकरणाचं मागवता. मागायला लागलात की खालची यंत्रणा हलते, मी तीस वर्षं त्या यंत्रणेत होते.

माझी ती वही भरत आलीय, साधारण चारशे शब्द आणि वाक्यं असतील. कळ कुठं येते, पाणी जातंय का, बाळ हलतंय का, घाबरू नको, झालंच आता, असं सगळं, कोरकू आणि समोर मराठी. विभागाला हवी असेल तर देते, छापा, नवीन सिस्टरना वाटा, माझं नाव नको. फक्त मी ती कानानं ऐकून लिहिलीय, चुका भरपूर असणार, तेव्हा छापायच्या आधी त्या परिचर बाईला आणि तिच्या मुलीला बोलवून तपासून घ्या, आणि त्या दिवसांचे त्यांना सिस्टरच्या पगाराइतके पैसे द्या.

आपली नम्र,
एक निवृत्त आरोग्य सहाय्यिका,
जिल्हा अमरावती